आजी, पेंग्विन आणि ‘शुभमंगल सावधान’

चुलत बहिणीचं लग्न मेलबर्नला, वऱ्हाड जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचं आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चक्क पेंग्विन बघायचा प्लॅन! या रजेत काय काय पाहिलं, कोणतं सामान घरीच ठेवून जावं लागलं आणि शहात्तर वर्षांच्या आजीने एका इवल्याशा पक्ष्याकडे बघून काय विचारलं, त्याची ही गोष्ट.

‘ऑस्ट्रेलियात लग्न आहे, दोन आठवडे रजा हवी,’ असं मॅनेजरला सांगितलं, तर पठ्ठ्याचा पहिला प्रश्न, ‘कुणाचं? तुझं?’

नाही हो! लग्न माझ्या चुलत बहिणीचं होतं. ताई मेलबर्नला मास्टर्स करायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच तिला तिचा ‘तो’ भेटला. ‘तो’ गोरा. मेलबर्नच्या आग्नेयेला साउथ गिप्सलँड नावाचा दूधदुभत्याचा हिरवागार पट्टा आहे, तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. घरी हे कळल्यावर काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. दोन महिने अबोला, मग रडारड, मग व्हिडिओ कॉलवर ‘नमस्ते’ आणि शेवटी आजीचा निकाल, ‘पोरगा गाईची धार काढतो ना? मग झालं तर!’

आमचं गाव बेल्हे. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, आळेफाट्याच्या पुढे, कल्याण-अहिल्यानगर हायवेवर. सोमवारचा आठवडे बाजार आणि बैलबाजार ही गावाची ओळख. गावाबाहेर मळ्यात आमचं घर. आई, बाबा, आजी, चार गाई, थोडा कांदा आणि घराच्या तीन बाजूंनी ऊस. मी हिंजवडीत एसी ऑफिसात बसून कोड लिहिते आणि महिन्यातून एकदा घरी जाऊन दुधावरची साय खाते. काका-काकू, म्हणजे ताईचे आई-बाबा, आळेफाट्याला फ्लॅटमध्ये राहतात.

बाबांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, ‘आम्ही दोघं काही येत नाही. कांदा ऐन भरात आहे, गाईंची धार कोण काढणार?’ राहिले काका, काकू, मी आणि आजी. आजीला नेण्यामागे काकांचा एक छुपा प्लॅनही होता. दिवाळीनंतर बिबट्याने आमच्या गोठ्यातली कालवड ओढून नेली होती. तेव्हापासून काकांनी धोशा लावला होता, की आईने आता मळा सोडून फाट्यावर राहायला यावं. आजीचं उत्तर ठरलेलं, ‘मपलं घर सोडून मी कुठं जायची न्हाई.’ काकांना वाटलं, लग्नाच्या आनंदात, परदेशाच्या हवेत म्हातारी विरघळेल.

अक्षतांना व्हिसा नाही!

व्हिसाचं टेन्शन होतं ते आजीचं. पंच्याहत्तरीच्या पुढच्या पाहुण्यांना मेडिकल तपासणीला जावं लागतं. आजी त्यातून झोकात पास झाली. खरा घोळ झाला तो बॅगा भरताना.

काकूंनी यादी केली होती. अक्षता, नारळ, हळकुंडं, ताज्या फुलांचे हार, पेढे, धणे, वाळलेल्या मिरच्या... ताईने फोनवर एकेक करत सगळी यादी कापली. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम जगातल्या सर्वांत कडक नियमांपैकी आहेत. ताजी फुलं नाहीत, फळं नाहीत, नारळ नाही, दुधाची मिठाई नाही. आणि अक्षता? त्याही नाहीत! खापरा नावाचा, साठवणीतल्या धान्याला लागणारा एक किडा आहे. तो तिकडे शिरू नये म्हणून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, डाळी, धणे, जिरे, सुक्या मिरच्या न्यायला बंदी आहे. हा किडा मूळचा आपल्याच बाजूचा.

आजीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हंजी आपल्या तांदळातला किडा त्यांना चालत न्हाई, आन् आपली पोरगी चालती व्हय!’

शेवटी मोत्यांच्या मुंडावळ्या, पैठणी, शालू आणि मंगळसूत्र एवढंच बॅगेत गेलं. बाकीचं सामान आम्ही डँडेनाँगला घेतलं. मेलबर्नच्या या उपनगरात ‘लिटल इंडिया’ नावाची अख्खी वस्ती आहे. तिथे तांदूळ मिळाला, हळद-कुंकू मिळालं, नारळही मिळाला. फक्त भाव ऐकून काकूंना घेरी यायची बाकी राहिली.

पहाटे साडेचारचा फोन

आम्ही बुधवारी पोचलो. शनिवारी लग्न. पहिल्याच रात्री मला कुणाच्या तरी बोलण्याने जाग आली. बघते तर आजी अंधारात, शाल गुंडाळून, फोन कानाला लावून बसलेली. मेलबर्नमध्ये पहाटेचे साडेचार वाजले होते. फेब्रुवारीत त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. म्हणजे बेल्ह्यात रात्रीचे अकरा. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती आणि बाबा बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला निघाले होते.

‘घुंगराची काठी घेतली का? मोबाइलवर गाणी लाव मोठ्यानं. उसाच्या कडंनं जाऊ नको, बांधावरनं जा.’

मग फोन चालूच. आजी काही बोलत नव्हती, बाबाही नाहीत. नुसता गाण्याचा आवाज आणि मोटर सुरू झाल्याची घरघर. मोटर सुरू झाली की आजी फोन ठेवायची. हे रोज पहाटे चाललं, अगदी लग्नाच्या दिवशीसुद्धा.

शहरात राहणाऱ्यांना बिबट्या म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेला सीसीटीव्हीचा व्हिडिओ. आमच्याकडे तो रोजच्या हिशेबातला आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. लपायला दाट जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री, शेळ्या, वासरं. त्याच्या कित्येक पिढ्या आता उसातच जन्मल्या आहेत. पकडलेल्या, जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यात दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक हायवे रोखला. त्यानंतर बाबांशी फोनवर बोलताना मी ‘जेवलात का’ विचारायच्या आधी ‘आज लाइट कधीची आहे’ विचारते.

अग्नीला सुट्टी

शुक्रवारी संध्याकाळी ताईचा चेहरा पडलेला. दुसऱ्या दिवशी प्रचंड ऊन आणि सोसाट्याचा वारा असणार होता आणि सरकारने ‘टोटल फायर बॅन’ जाहीर केला होता. म्हणजे शनिवारचे चोवीस तास उघड्यावर ठिणगीसुद्धा पेटवायची नाही. आणि आमचं लग्न होतं एका द्राक्षमळ्याच्या लॉनवर, मस्तपैकी होमासकट!

काका म्हणाले, ‘एवढासा तर होम. कोण बघतंय?’ तेव्हा नवऱ्यामुलाचे वडील पहिल्यांदा गंभीर झाले. ७ फेब्रुवारी २००९ या एकाच शनिवारी व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांनी १७३ माणसांचा जीव घेतला होता. त्या दिवसाला तिकडे ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणतात. या विषयावर तिथे कुणी ‘अॅडजस्ट’ करत नाही. काकांनी मुकाट्याने मान डोलावली.

गुरुजी मात्र एकदम कूल. मूळचे नाशिकचे, आठवडाभर आयटीत आणि वीकेंडला पौरोहित्य. त्यांनी लग्न लॉनवरून आतल्या हॉलमध्ये हलवलं आणि निरांजनाला अग्नी मानून सप्तपदी केली. त्याआधी सरकारमान्य सेलिब्रंट बाईंनी दोघांकडून कायद्यातली वाक्यं म्हणून घेतली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मग अंतरपाट. मंगलाष्टकं काकांनीच म्हटली, तिसऱ्याला आवाज फुटेना म्हणून उरलेली गुरुजींनी पुरी केली. ‘शुभमंगल सावधान’ झालं की अक्षता टाकायच्या, हे गोऱ्या वऱ्हाडाला शिकवलेलं होतं. त्यांना ते इतकं आवडलं, की प्रत्येक ‘सावधान’ला तांदळाचा पाऊस. नवऱ्यामुलाने मला नंतर विचारलं, ‘सावधान म्हणजे काय?’ मी म्हटलं, ‘बी केअरफुल.’ तो म्हणाला, ‘लग्नात? हे आधी सांगायला हवं होतं!’

जेवणात पुरणपोळी नव्हती, पण आमटी-भात होता. आजी आणि व्याही एका टेबलावर. तो तिला गाईंचे फोटो दाखवत होता, ती त्याला. दोघांमध्ये दुभाषी मी. त्याने विचारलं, ‘तुमच्याकडे वासरं कशाने मरतात?’ आजी म्हणाली, ‘बिबट्यानं.’ मी भाषांतर केलं. त्याला वाटलं, मी चुकले. मी पुन्हा सांगितलं. त्याने हातातला काटा खाली ठेवला.

आणि वऱ्हाड समुद्रातून आलं

रविवारी दोन्ही घरची मंडळी मिळून फिलिप आयलंडला निघालो. मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटर, दोन तासांचा रस्ता. बेट असलं तरी बोट लागत नाही. सॅन रेमोहून पुलावरून गाडी थेट पलीकडे. शनिवारचं ऊन कुठल्या कुठे पळालं होतं आणि असा गार वारा सुटला होता, की आजीने नऊवारीवर नवऱ्यामुलाचं लोकरी जॅकेट चढवलं.

दुपारी बेटाच्या पश्चिम टोकाला ‘द नॉबीज’च्या लाकडी पुलांवर फिरलो. खाली काळे खडक, त्यावर फुटणाऱ्या लाटा आणि लांबवर सील रॉक्स. तिथे फर सील्सची मोठी वसाहत आहे. दुर्बिणीतून नुसते काळे ठिपके दिसतात, मग एखादा ठिपका आळोखेपिळोखे देतो. केप वुलामाय या दुसऱ्या टोकाला शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी बिळांत घरटी करतात. थंडी सुरू होण्याआधी ते पार अलास्काच्या बाजूला उडून जातात आणि पुढच्या हंगामात परत येतात. काकू म्हणाल्या, ‘बघ, ते एवढ्या लांबून येतात, तुला वर्षातून एकदा यायला काय होतंय?’ ताई बिचारी गप्प.

संध्याकाळी ‘पेंग्विन परेड’. समरलँडच्या किनाऱ्यावर पायऱ्या-पायऱ्यांची गॅलरी आहे. हजारएक माणसं, पण चिडीचूप. फोन, कॅमेरा पूर्ण बंद, कारण उजेडाने पक्षी बिचकतात. माझ्यासारख्या मुलीला अर्धा तास फोन बंद ठेवणं म्हणजे शिक्षाच! पण सूर्य मावळला, अंधारून आलं आणि साडेआठच्या सुमाराला पाण्याच्या रेषेवर काहीतरी हललं.

हे लिटल पेंग्विन्स. जगातले सगळ्यात छोटे. उंची जेमतेम ३३ सेंटिमीटर, वजन किलोच्या आसपास, पाठ निळसर. दिवसभर समुद्रात मासे पकडायचे आणि अंधार पडला की गटागटाने वाळू ओलांडून आपल्या बिळात यायचं. एकटा कुणी येत नाही. दहा-बारा जमतात, दोन पावलं टाकतात, कशाला तरी घाबरतात आणि सगळेच्या सगळे परत पाण्यात! मग पुन्हा जमतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला धीर करून डुलत डुलत, पोटं पुढे काढून, सरळ रेषेत निघतात.

‘हे तं आपलं वऱ्हाड गं!’ आजी माझ्या कानात म्हणाली. ‘येकटं कुणी पुढं व्हईना.’

मला हसू दाबता दाबता रडू आलं. ताईकडे बघितलं, तर तिचंही तेच.

दोन आज्या

परतताना लाकडी वाटेवरून चालावं लागतं आणि वाटेच्या दोन्ही बाजूंनी पेंग्विन्स आपापल्या बिळांकडे जात असतात. हाताच्या अंतरावर. बिळांतून चिरका कलकलाट. तिथे नवऱ्यामुलाची आजी थांबली आणि एका उंचवट्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘माझं घर इथे होतं.’

आम्हाला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिथे खरंच घरं होती. समरलँड इस्टेट नावाची वसाहत, सुट्टीत येऊन राहायची घरं, रस्ते, सगळं. फिलिप बेटावर एके काळी पेंग्विनच्या दहा वसाहती होत्या, त्यातली ही एकच उरली होती. घरं, गाड्या, कुत्री आणि कोल्हे, यांनी हीसुद्धा संपणार होती. कोल्हे तर मुळात गोऱ्यांनीच शिकारीच्या हौसेपायी ऑस्ट्रेलियात आणलेले. १९८५ मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की ही अख्खी वसाहत विकत घ्यायची आणि जमीन पेंग्विन्सना परत द्यायची. एकेक घर, एकेक प्लॉट करत हे काम २०१० पर्यंत चाललं. पंचवीस वर्षं! बेटावरचे कोल्हे संपवायला तर आणखी वेळ लागला. २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त झाल्याचं जाहीर झालं. आज तिथे सुमारे ४०,००० पेंग्विन्स आहेत आणि घर एकही नाही.

‘दर उन्हाळ्यात यायचो, तर शेजारचं एखादं घर नाहीसं झालेलं असायचं,’ ती म्हणाली. ‘मी खूप चिडले होते. कित्येक वर्षं इथे पायसुद्धा ठेवला नाही. नवरा म्हणायचा, पक्ष्यांना मत द्यायचा अधिकार नाही आणि तरी तेच जिंकले.’

मी सगळं आजीला सांगितलं. आजीने विचारलं, ‘पैसं दिलं का?’

दिले.

‘दुसरं घर झालं का?’

झालं. पलीकडच्या गावात.

आजी बराच वेळ त्या उंचवट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘हिला सांग, तुझं घर गेलं त्याचं वाईट वाटतं. पण तुझं पाखरू माणूस खात न्हाई. मपल्या उसातलं जनावर खातं. आन् आम्हाला कुणी इचारलं न्हाई, तुम्ही उठता का त्याला उठवू.’

हे भाषांतर करायला मला वेळ लागला. त्या आजीने काही उत्तर दिलं नाही. फक्त आजीचा हात धरला आणि दोघी तशाच पार्किंगपर्यंत चालत गेल्या.

मी मात्र तिथून परत येईपर्यंत तोच विचार करत होते. आपण पेपरात वाचतो, ‘बिबट्यांना पकडून जंगलात सोडा’. वाटतं, सोपं आहे. पण २००९ मध्ये आमच्याजवळच्याच टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वाचवून माळशेज घाटात सोडलं होतं. गळ्यात रेडिओ कॉलर होती. तो तिथून महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. अभ्यासकांनी त्याचं नाव ‘आजोबा’ ठेवलं होतं, त्याच्यावर पुढे सिनेमाही आला. त्या अभ्यासाच्या प्रमुख विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागातल्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट जिथे सोडलं तिथे वाढू शकतात. म्हणजे उचलून ठेवणं हा सोपा उपाय नाही, ना बिबट्याला, ना माणसाला. समरलँडला सुट्टीची घरं होती, ती उठली. आमचा ऊस ही सुट्टी नाही, पोट आहे.

सावधान!

पार्किंगमध्ये एक पाटी होती. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, पेंग्विन बसलेला असेल. कोट-टायवाला एक माणूस गुडघ्यावर बसून आपल्या गाडीखाली टॉर्च मारत होता. सगळेच मारत होते. आजीने विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘म्हंजी सावधान.’

परत आल्यावर काकांनी विषय काढलाच. ‘आई, मग फाट्यावर कधी येतेस?’

‘येणार न्हाई,’ आजी म्हणाली. ‘पण घराकडंचा ऊस आता नको. तीस-चाळीस पावलं सोडून लावायचा. गोठ्याला वरून जाळी अन् दार. अंगणात दिवा. आन् रातच्याला पाण्याला येकट्यानं जायाचं न्हाई. शेजारच्यांची न् आपली बारी येकाच दिवशी धरायची, मिळून जायाचं. ती पाखरं बघितली ना? येकटं कुणी वाळूवर येत न्हाई.’

बाबा म्हणाले, ‘तेवढा ऊस गेला तर पैसे कमी येतील.’ आजी म्हणाली, ‘येऊ दे कमी.’ काका काहीतरी बोलणार होते, बोलले नाहीत. गोठ्याच्या जाळीचं निम्मं बिल मात्र त्यांनी दिलं. रात्रीची लाइट अजून रात्रीचीच आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून गावाने पुन्हा अर्ज केलाय, त्यावर बाबांची सही आहे आणि आजीचा अंगठा.

परवा रविवारी मी घरून पुण्याला निघाले. गाडीला किल्ली लावणार, तेवढ्यात आजी अंगणात वाकली आणि गाडीखाली बघायला लागली. आमच्याकडे पेंग्विन नाहीत, हे तिला माहीत आहे. मांजराचं पिल्लू निघालं.

जाताय? मग हे वाचाच!

सामान: अन्न, बिया, फुलं, लाकडी वस्तू, चामडं, काहीही असलं तरी विमानातल्या फॉर्मवर डिक्लेअर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूवर जबर दंड होतो. लग्नाचं साहित्य तिकडेच घ्या.

लग्न: ऑस्ट्रेलियात कायदेशीर लग्नासाठी सेलिब्रंटकडे किमान एक महिना आधी नोटीस द्यावी लागते. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, होम करायचा असेल तर ‘प्लॅन बी’ ठेवाच.

पेंग्विन: तिकिटं आधीच बुक करा, सुट्टीच्या दिवसांत संपतात. येण्याची वेळ सूर्यास्तावर ठरते, म्हणून तारखेप्रमाणे बदलते. फेब्रुवारीतही जाड स्वेटर हवाच. फोटोचा मोह सोडा.

पासपोर्ट नसेल तर: रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल दरम्यान, घरट्यातून बाहेर आलेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. राहणं गावातल्याच घरांत, जेवण घरगुती. पेंग्विन समुद्रातून घरी येतात, कासवं घरातून समुद्राकडे जातात. सोबत आजी असेल तर उत्तम!